पिच्छीचा निळा, ओघ्याचा पांढरा

दिगंबर मुनींची पिच्छी मोरपिसांची, तर श्वेतांबर साधू-साध्वींचा ओघा पांढऱ्या लोकरीचा. बसण्या-उठण्यापूर्वी जागा हळुवारपणे झाडून सूक्ष्म जीवांचे रक्षण करणे, हा दोन्हींचा हेतू एकच आहे. दोन्हींचे मूलद्रव्यही बहुतांशी एकच, केराटिन हे प्रथिन. आपली नखेही त्याचीच बनलेली असतात. मग पीस निळे-हिरवे झळाळते आणि लोकर शुभ्र दिसते, ते का?

मोरपिसात निळे रंगद्रव्य नसतेच. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली नोंदविले, की पीस पाण्यात भिजताच त्याचे रंग लोपतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचे कारण उघड केले. पिसाच्या तंतूंत काळसर मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या केराटिनमध्ये जाळीसारख्या समान अंतराने रचलेल्या असतात. निळ्या भागात हे अंतर मिलिमीटरचा सुमारे सात हजारावा भाग असते. प्रत्येक थरावरून थोडा प्रकाश परततो. ज्या रंगाच्या लहरी एकमेकींशी जुळतात तो उजळतो, इतर मावळतात. अंतर किंचित वाढले की निळ्याऐवजी हिरवा दिसतो.

लोकरीत असा क्रम नाही. अस्ताव्यस्त तंतूंवर आदळून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, सर्व रंग सारखेच परततात आणि डोळ्यांना पांढरे दिसते. खडीसाखरेचा स्वच्छ खडा पारदर्शक असतो, त्याचीच पिठी पांढरी होते, तेही याच कारणाने. पांढऱ्या मोरात मेलॅनिनच नसल्याने ती जाळी घडत नाही. अव्यवस्था पुरेशी वाढली तर लहर पुढे न सरकता जागीच अडकून पडू शकते, हे फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली गणिताने दाखविले. १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

द्रव्य तेच, पर्याय निराळे, ही भाषा जैन घरांना परिचित आहे. हे शोध म्हणजे शास्त्रवचनांचा पुरावा नव्हे. मात्र त्या परिचयामुळे विषय समजणे सोपे जाते.

यातून एक व्यावहारिक दक्षताही निघते. रंग रचनेत असल्याने तो पक्ष्याच्या प्राणावर अवलंबून नाही. गळालेले पीस वर्षानुवर्षे तसेच झळाळते आणि मारलेल्या मोराचेही तितकेच. चातुर्मासानंतरच्या पिच्छी परिवर्तनासाठी पिसे घेणाऱ्या श्रावकाला झळाळीवरून काहीच कळणार नाही. त्याने देठाचे टोक पाहावे, कारण उपटलेल्या पिसाच्या मुळाशी रक्ताचा अंश राहू शकतो. आणि पिसे कोठून आली, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. अहिंसेच्या उपकरणाच्या खरेदीत भावाआधी हा प्रश्न यावा.