मेंदूची वेस आणि औषध

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांच्या मेंदूतील गाठीवर नुकतीच शस्त्रक्रिया झाली. गाठ ग्लायोब्लास्टोमा जातीची निघाली. पुढे किरणोपचार व केमोथेरपी घ्यावी, असे डॉक्टरांनी सांगितले. कागदपत्रे घेऊन तो आमच्याकडे आला. "सर, गाठ तर काढली, मग आता हे विष कशाला?" आम्ही वैद्य नव्हे; परंतु हा प्रश्न कोणत्याही घरी उभा राहू शकतो, म्हणून जे समजून घेतले ते येथे मांडतो.

ही गाठ उग्र खरी. तिचे तंतू निरोगी भागात दूरवर शिरलेले असतात. शल्यविशारदास ते सर्व काढता येत नाहीत. उरलेल्या पेशींसाठी औषध हवे. पण ते तेथवर पोहोचणे कठीण. 'केमोथेरपी' हा शब्द रूढ करणाऱ्या पाउल एर्लिख यांनीच १८८५ साली पाहिले होते की, प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला असता इतर अवयव रंगतात, मेंदू मात्र कोरा राहतो. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची भिंत परक्या द्रव्यास सहसा आत घेत नाही. जी वेस एरवी आपले रक्षण करते, तीच आजारात बहुतेक औषधांना अडविते.

टेमोझोलोमाइड हे कॅप्सूलमधील औषध ही वेस ओलांडते. किरणोपचाराच्या सहा आठवड्यांत ते रोज घ्यावयाचे. मग सुमारे महिनाभर विश्रांती. पुढे दर अठ्ठावीस दिवसांत पाच दिवस. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी शेकडा सुमारे १०, तर जोडीला हे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे २६ रुग्ण दोन वर्षांनी हयात होते. औषधाने मळमळ होते, रक्तातील पेशी घटतात. म्हणून ताप येताच काढ्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. मेंदूच्या सर्वच गाठींना मात्र हा नियम लागू नाही. मेनिंजिओमासारख्या पुष्कळ गाठींना केमोथेरपी लागतच नाही.

"म्हणजे बाबा बरे होतील ना?" आम्ही खोटा धीर दिला नाही. या गाठीत औषध बहुधा काळ वाढवून देते, गाठ समूळ नाहीशी करीत नाही. तेव्हा उपचाराचा हेतू काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार, असे सांगितले. तो हळूच म्हणाला, "घरात सगळे म्हणतात, बाबांना कळू द्यायचे नाही."

वडिलांनी इंदुरातील गिरणीत उभा जन्म हिशेबनीस म्हणून काढलेला. आम्ही एवढेच म्हणालो, "बाळ, हिशेब ज्यांचा, वही त्यांच्यापासून लपवू नये."