पत्रास कारण की...

१८७९ साली भारतात पोस्टकार्ड आले, तेव्हा त्याची किंमत होती पाव आणा. तेच गरिबाचे टपाल झाले. १९८२ च्या गिरणी संपात आमचा एक मित्र चाळ सोडून गावी गेला. दर महिन्याला त्याचे कार्ड येई. वर 'सप्रेम जयभीम', खाली 'लहानांस आशीर्वाद'. त्याला लिहिता येत नसे. थोरली मुलगी लिहून देई. कार्ड उघडे, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सारेच वाचणार. म्हणून घरची उपासमार त्यात कधी आली नाही. 'आम्ही खुशाल आहोत' एवढेच. आम्हीही ते खरे मानले. मग एके दिवशी कोपरा फाडलेले कार्ड आले. वाचण्याआधीच कळले. आज फोन खिशात आहे. मित्र 'खुशाल' म्हणाला, तरी पुन्हा एकदा विचारा.