रंगवलेल्या रेघेचा कैवार

“प्लॅस्टिकला प्लॅस्टिक म्हणवून घेण्याची लाज वाटू लागली, म्हणजे समजावे की संस्कृतीला उतरती कळा लागली.” हे उद्गार आमच्या धाराशिवातील एका वयोवृद्ध गुरुजींचे. निमित्त अगदी क्षुल्लक होते. माझा भाचा ओसरीवर मांडी घालून एका हातभर लांबीच्या मालमोटारीला रंग देत बसला होता. ही मालमोटार हातातल्या पेटीवरून, मध्ये तार नसताना, रेडिओच्या लहरींवर पळते. तिचा हौदा प्लॅस्टिकचा. त्यावर तो लाकडाच्या रेघा काढीत होता. गुरुजींनी चष्मा सावरला, क्षणभर पाहिले आणि वरील निकाल देऊन टाकला.

गुरुजींविषयी मला आदर आहे. त्यांचा निकाल मात्र मला साफ नामंजूर आहे, आणि तो का, हे चार लोकांत सांगावे म्हणून हा खटाटोप.

प्रथम त्यांची बाजू जितकी बळकट करता येईल तितकी करू. या मताला थोरांचे पाठबळ आहे. रस्किनने १८४९ साली वास्तुकलेच्या सात दीपांविषयी लिहिताना सत्याचा एक दीप लावला, आणि एका पदार्थावर रंग चढवून तो दुसराच भासवणे हे कपट ठरवले. पुढे १८९८ साली व्हिएन्नाच्या अडोल्फ लूसने तर नियमच घालून दिला: लाकडाला हवा तो रंग द्या, फक्त लाकडाचा रंग देऊ नका. गुरुजींनी यांपैकी काही वाचले असेल वा नसेल. पण ‘आत एक, बाहेर एक’ याविषयी मराठी माणसाला जी जन्मजात चीड आहे, ती त्यांच्या बाजूने उभी आहे. आणि ती चीड मलाही आहे.

परंतु कपट होण्यासाठी फसणारा कोणी तरी लागतो. हातभर मालमोटार पाहून ती बाभळीच्या फळ्यांची आहे असे समजणारा इसम आमच्या जिल्ह्यात तरी माझ्या पाहण्यात नाही. खुद्द रस्किननेच एक सवलत देऊन ठेवली आहे. इमारतीवरचा सोन्याचा मुलामा कपट नव्हे, कारण ते भरीव सोने आहे असे तेथे कोणी समजत नाही. दागिन्यावरचा मुलामा मात्र कपट, कारण तेथे तसे समजले जाते. हा न्याय लावला तर सागवान सांगून भुशाचा पत्रा गळ्यात मारणारा दुकानदार गुन्हेगार ठरतो, आणि ओसरीवरचा पोरगा निर्दोष सुटतो.

शिवाय आपल्याच मुलखाकडे पाहा. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखाली खऱ्या लाकडाच्या कमानी आहेत. डोंगरात कोरलेल्या छताला त्यांच्या आधाराची काडीइतकीही गरज नाही. अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांत कारागिरांनी त्याच लाकडी फासळ्या दगडातून कोरून काढल्या. दगडाने लाकडाचे सोंग घेतले! आमच्या तेरचे त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ चैत्यासारखे मागे अर्धवर्तुळाकार वळते आणि डोक्यावर कमानदार पाठ धरते. या घाटाचे मूळ लाकडी इमारतीत आहे. यांना ढोंगी म्हणण्याची गुरुजींची तयारी आहे काय? आणि इतके दूर तरी कशाला जायचे? येत्या चार दिवसांत गुरुजींचा नातू अंगणात मातीचा किल्ला करील, त्यावर मोहरी पेरून जंगल उगवील, गेरूने दगड रंगवील. आजोबा त्याला शाबासकी देतील. मातीचा दगड चालतो, मग प्लॅस्टिकचे लाकूड का चालू नये?

येथवर गुरुजींशी भांडण. पण माझे खरे भांडण दुसऱ्याच पक्षाशी आहे. तो पक्ष म्हणतो, “एवढे डोळे फोडता कशाला? लाकडाचा छापील कागद मिळतो, चिकटवा आणि मोकळे व्हा.” या पक्षाला खोटेपणाचे वावडे नाही, कष्टाचे आहे. आज घरोघरच्या कपाटांवर, पलंगांवर, दारांवर हेच छापील लाकूड चढले आहे. नीट पाहा: एकच गाठ हात-दोन हातांवर पुन्हा भेटते, तीच वळणे, तोच डाग. झाड कधी आपली पुनरुक्ती करीत नाही. छापील लाकडापुढे बसलेल्या माणसाला काहीच पाहावे लागत नाही, आणि न पाहण्याची सवय एकदा लागली की ती कपाटापुरती राहत नाही.

हे मी तावातावाने लिहितो आहे, कारण या सवयीचा पहिला आरोपी मीच आहे. भाच्याने एके दिवशी विचारले, “मामा, बाभळीची रेघ कशी असते हो?” मी हसून म्हणालो, “असते लाकडासारखी!” त्याचे समाधान झाले नाही, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर माझेही होईना.

आमचे घर उमरगा-लोहारा भागातले, माळवदाचे. सागवान श्रीमंतांच्या वाड्यात. आमच्याकडे खांब लिंबाचे आणि तुळया बाभळीच्या. त्या तुळयांकडे तोंड करून मी वीस वर्षे झोपलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र संपता संपता, भूकंपाने आमच्या भागातली हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली घेतली. कितीतरी घरांत भिंती ढासळल्या आणि लाकडाचा सांगाडा तेवढा उभा राहिला. आमचाही राहिला. पुढे नव्या गावठाणात सिमेंटची खोली मिळाली, लाकूड कोणी नेले, काही चुलीत गेले. ज्याने वीस वर्षे डोक्यावर छप्पर धरले त्याची रेघ कशी होती हे मला सांगता येईना. याहून मोठा खोटेपणा कोणता?

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघे गावी गेलो. चुलतभावाच्या गोठ्यात तुळईचा एक तुकडा दावणीला लावलेला सापडला. पोराने तो पाण्याने धुतला, एका बाजूने रंधा मारून घेतला आणि अर्धा तास नुसता पाहत बसला. मग मला शिकवू लागला. सागाच्या उभ्या चिरलेल्या फळीवर जी कमानीवर कमान दिसते ती वर्षावर्षाच्या वलयांची. साग ती स्पष्ट दाखवतो. बाभळीची वलये अशी ठळक नसतात. तिच्या तांबूस अंगावर गडद पट्टे असतात आणि बारीक, आखूड चिरा. बाहेरचे लाकूड फिकट, गाभा काळसर तांबडा. गाठ आली की रेघा तिला वळसा घालून जातात, अंगावरून जात नाहीत. दोन फळ्यांच्या सांध्यावर रेघ तुटलीच पाहिजे, कारण त्या दोन वेगळ्या फळ्या असतात. आणि सगळे जण बाभूळ म्हणून सागाच्या कमानी काढतात!

परत आल्यावर त्याने पहिला रंग खरवडून काढला. नमुना खऱ्या मोटारीच्या एक-चतुर्दशांश. सहा इंची फळी येथे जेमतेम अकरा मिलिमीटरची, म्हणजे रेघही केसासारखीच हवी. फिकट रंगावर काळपट तांबडा रंग कोरड्या, विरळ कुंचल्याने ओढायचा. कुंचला नसेल तर जुना दात घासण्याचा ब्रशही चालतो. पुढची टप पारदर्शक प्लॅस्टिकची, तिला रंग आतून द्यावा लागतो. तेथे सगळा क्रमच उलटा. भिंतीवर आधी भूमी, मग रेघ. येथे आधी रेघ, मग तिच्या पाठीशी भूमी. चुकलेली रेघ वरून झाकता येत नाही. ब्रश टेकवण्यापूर्वी लाकूड मनात पुरते उभे असावे लागते. खऱ्या लाकडाच्या हौद्यांवर आमचे मोटारवाले पिवळा-तांबडा रंग फासून लाकूड झाकून टाकतात. हा पोरगा प्लॅस्टिकवर ते पुन्हा उघडे करतो. यांतला लाकडाशी इमान राखणारा कोण?

म्हणून गुरुजींना माझे नम्र उत्तर असे की, रेघ रंगवलेली आहे म्हणून खोटी ठरत नाही. न पाहता काढलेली रेघ खोटी, मग ती खऱ्या सागवानावर का काढलेली असेना. छापील कागदवाल्यांना मात्र मी नम्र नाही. ते आमच्या पोरांच्या हातून पाहण्याचे निमित्तच काढून घेत आहेत. आमच्या भागात तर आता पाहायला लाकूडही फारसे उरलेले नाही.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पाडव्याच्या सकाळी, ओवाळून घेऊन झाल्यावर, आपल्या घराच्या दाराशी उभे राहावे आणि ते कोणत्या झाडाचे आहे हे नातवंडांना सांगावे. सांगता आले, तर माझ्या भाच्याला खुशाल ढोंगी म्हणावे. नाही आले, तर त्याच्याकडून एक ब्रश मागून घ्यावा. तो देईल.