अमेरिकेतील टिप आणि मालकाची सुटका

अमेरिकेत मुलाबाळांकडे निघालेल्या मराठी मध्यमवर्गीयाला जे नाना उपदेश ऐकावे लागतात, त्यांत उपाहारगृहाच्या बिलावर शेकडा पंधरा ते वीस टिप ठेवण्याचा उपदेश हटकून असतो. तो शिष्टाचार म्हणून सांगितला जातो. मग हा गृहस्थ मनातल्या मनात डॉलरचे रुपये करतो, त्याचा जीव कासावीस होतो, आणि बक्षिसी ही देणाऱ्याच्या मर्जीची बाब आहे असे स्वतःला बजावून तो एखादी नोट ठेवून उठतो. युक्तिवाद खोटा नाही. तो भलत्याच माणसावर चालवला जातो, इतकेच.

शिष्टाचार म्हणून जे सांगितले जाते, तो वस्तुतः कायद्याने बेतलेला मजुरीचा व्यवहार आहे. अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यानुसार किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. पण टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने पदरचे २.१३ डॉलर दिले की त्याचे भागते. टेक्सास, जॉर्जियासारख्या राज्यांत हाच दर चालतो. उरलेले ५.१२ डॉलर गिऱ्हाइकाच्या खिशातून आले असे धरायचे. न आल्यास फरक मालकाने भरावा, असेही कायदा म्हणतो. पण तो मागायचा कोणी? ज्याच्या पाळ्या मालकच ठरवतो, त्या वेटरने! आठ तासांच्या पाळीत एका कामगारामागे मालकाचे सुमारे ४१ डॉलर वाचतात. ही सवलत १९६६ साली कायद्यात शिरली, तेव्हा निदान निम्म्या किमान वेतनाचा भार मालकावर होता. १९९१ साली किमान वेतन ४.२५ झाले, त्याचे निम्मे म्हणजेच हे २.१३. १९९६ साली किमान वेतन वाढवताना हा दुवाच तोडण्यात आला, आणि आकडा जागच्या जागी गोठला.

या रीतीला गुलामगिरीचा वास आहे. १८६५ साली यादवी युद्ध संपल्यावर पुलमन कंपनीने आपल्या शयनयानांत मुक्त झालेले कृष्णवर्णीय गुलाम पोर्टर म्हणून नेमले. पगार तुटपुंजा, बाकी सारी भिस्त प्रवाशांच्या हातावर. प्रवासी त्यांतील प्रत्येकाला ‘जॉर्ज’ अशी हाक मारीत, कारण मालकाचे नाव जॉर्ज पुलमन होते! गुलामाला धन्याच्या नावाने ओळखण्याची रीत अशी रुळांवरून धावत राहिली. १९२५ साली या पोर्टरांची संघटना समाजवादी नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, आणि बारा वर्षांच्या झुंजीनंतर, १९३७ साली, तिने वेतनवाढ व कामाचे कमी तास कंपनीकडून करारात लिहून घेतले.

पूर्ण वेतन द्यावे लागले तर उपाहारगृहे बंद पडतील, ही मालकांची नेहमीची ओरड. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत ही सवलतच नाही. तेथे वेटरला आधी पूर्ण किमान वेतन, वर टिप. सॅन फ्रान्सिस्कोत जेवायला मिळत नाही, अशी तक्रार अजून कोणी केलेली नाही.

तेव्हा प्रवाशाने टिप द्यावी, आणि पुरती द्यावी. ती नाकारल्याने मालकाचा निषेध होत नाही. त्याला जेवणाचे पैसे पोचलेलेच असतात, खळगा पडतो तो वेटरच्या घरी. मोठ्या मंडळींच्या बिलात सेवाशुल्क पुष्कळदा आधीच जोडलेले असते, तेवढे पाहून घ्यावे. मात्र मायदेशी परतल्यावर ‘टिपेमुळे तेथील सेवा किती तत्पर!’ असे गोडवे गाऊ नयेत. गिऱ्हाईक अंगचटीला आले तरी भाड्याच्या पैशांसाठी जिला हसावे लागते, त्या मुलीच्या हसण्याला तत्परता म्हणणे निर्लज्जपणाचे आहे.

२०२५ साली तेथील सरकारने टिपेच्या उत्पन्नावर वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत प्राप्तिकरात वजावट दिली, तीही २०२८ पर्यंतच. सरकारी तिजोरीने आपला वाटा सोडला. २.१३ या आकड्याला त्या कायद्याने हात लावलेला नाही.