संगीताचा तास आणि एक गिटारचा अल्बम

यंदाच्या स्नेहसंमेलनात दहावीच्या एका विद्यार्थ्याने इलेक्ट्रिक गिटार वाजवली. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली आणि आम्हीच हात वर करून ‘आवरते घ्या’ अशी खूण केली. मुलाने मुकाट्याने वायर काढली. टाळ्यासुद्धा नीट पडल्या नाहीत. रंगपंचमीच्या गेरमध्ये भोंग्यांचा दणदणाट हसत सोसणारे आपण इंदूरकर. पण त्या दिवशी तो आवाज शाळेला शोभत नाही असे आम्हास वाटले, हे कबूल केले पाहिजे.

पुढच्या आठवड्यात त्याला ऑफिसात बोलावून विचारले, ‘अरे, ते होते तरी काय?’ तो म्हणाला, ‘सर, जेसन बेकरच्या पहिल्या अल्बममधला तुकडा होता. तुम्ही अख्खा अल्बम ऐकाल का?’ आम्ही हो म्हटले. घरी दोन रात्री बसून ऐकला. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यात पाश्चात्त्य संगीताचा गंधही नव्हता, त्यामुळे पुष्कळसे त्या मुलाकडूनच समजून घ्यावे लागले. विद्यार्थ्याने प्राचार्यांची शिकवणी घ्यावी, असा प्रसंग आला खरा.

अल्बमचे नाव ‘परपेच्युअल बर्न’. साल 1988. आठ रचना, गायन अजिबात नाही. या प्रकाराला निओक्लासिकल मेटल म्हणतात. म्हणजे जोर आणि आवाज मेटलचा, पण सुरांची बांधणी बाख, पागानिनी यांच्या युरोपीय शास्त्रीय संगीताच्या वळणाची. स्वीडनच्या यंग्वे माल्मस्टीनने 1984 साली ‘रायझिंग फोर्स’ या अल्बमने ही वाट रुळवली. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड गावचा बेकर त्याच वाटेवरचा. जन्म 1969 चा, म्हणजे अल्बम आला तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा. आपल्या बारावी झालेल्या मुलांच्या वयाचा! गिटारची ओळख घरीच झाली, वडिलांकडून आणि काकांकडून.

यात एक तंत्र वारंवार येते. उजव्या हातातली पट्टी सगळ्या तारांवरून एका झपाट्यात ओढायची आणि डाव्या हाताचे प्रत्येक बोट आपापला सूर उमटताच लगेच उचलायचे. बोट उचलायला जरा उशीर झाला की दोन सूर एकमेकांत मिसळून गोंधळ होतो. संमेलनात ज्याला आम्ही गोंधळ समजलो, तो न होण्यासाठीच त्या मुलाने वर्षभर मेहनत केली होती.

सगळेच आवडले असे नाही. ड्रमचा मारा आमच्या कानांना अजूनही जड जातो, आणि ज्या रचनेवरून अल्बमला नाव मिळाले तिच्यात वेगासाठी वेग आहे असेच आमचे मत आहे. आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित लयीत एकेक सूर उलगडत बसत, त्या गायकीवर पोसलेला कान इतक्या घाईला सहज राजी होत नाही. पण पहिली रचना ‘अल्टिट्यूड्स’ ऐकताना आम्ही सावरून बसलो. तिथे चाल आधी संथपणे मांडली जाते आणि मग धाव येते, त्यामुळे ती धाव पटते. आणि चौथी ‘एअर’! तिच्यात ना ड्रम, ना आरडाओरडा. गिटारच्या स्वच्छ आवाजातल्या दोन-तीन चाली एकाच वेळी चालतात, एकमेकींना वाट देतात, पुन्हा गाठ घेतात. आपल्या रागसंगीतात एका वेळी एकच चाल पुढे जाते, म्हणून हे ऐकायला कान थोडा शिकवावा लागतो. एवढी गुंफण नुसत्या बोटांनी होत नाही. ती आधी डोक्यात व्हावी लागते.

हे पुढे फार वेगळ्या रीतीने सिद्ध झाले. वयाच्या विसाव्या वर्षी बेकरला डेव्हिड ली रॉथ या नामांकित गायकाच्या वाद्यवृंदात जागा मिळाली. त्याच सुमारास पाय ओढू लागला आणि डॉक्टरांनी एएलएस हे निदान केले, म्हणजे स्टीफन हॉकिंग यांना होता तोच आजार. तीन ते पाच वर्षे हातात आहेत, असे सांगण्यात आले. हातांची ताकद जात असताना त्याने त्या अल्बमचे वादन पुरे केले, पण दौऱ्यावर जाता आले नाही. पुढे हात गेले, नंतर वाचाही गेली. वडिलांनी अक्षरांचे गट पाडून एक पद्धत बसवली: डोळ्यांच्या पहिल्या हालचालीने गट, दुसरीने अक्षर. 1996 साली ‘पर्स्पेक्टिव्ह’ आणि 2018 साली ‘ट्रायम्फंट हार्ट्स’ हे त्याचे अल्बम आले. दुसऱ्यात रचना त्याच्या आणि वाजवणारे हात इतरांचे.

अशा गोष्टी पालकसभेत जिद्दीचा दाखला म्हणून सांगतात. आम्हास मात्र यात शिक्षणाचा एक साधा प्रश्न दिसतो. बोटे थांबल्यावरही रचना चालू राहिली, कारण कोणत्या सुरावर कोणता सूर का बसतो हे त्याला पक्के ठाऊक होते. उद्या आपल्या मुलांकडून पेटी काढून घेतली तर त्यांच्याकडे काय उरेल? संमेलनाच्या आधी महिनाभर ‘ही पांढरी, मग ती काळी’ असे पाठ करून एक गीत बसवतो, आणि संमेलन झाले की पेटीवर कापड पडते. ज्या भातखंड्यांनी स्वरलिपी लावून दिली, त्यांच्या भाषेतली आपली शाळा. आणि तिथल्या दहावीतल्या मुलाला ऐकलेली चार ओळींची चाल लिहून काढता येत नाही. यात दोष मुलांचा नाही, आमचा आहे.

नववी-दहावीचा संगीताचा तास बंद करून तो गणिताच्या सरावाला द्यावा, अशी सूचना विश्वस्त मंडळापुढे आहे. बोर्डाच्या निकालाची काळजी आम्हालाही आहे. तरी या सूचनेला आमचा विरोध आहे. तास राहावा, आणि त्यात बसवाबसवीऐवजी ऐकणे आणि लिहिणे सुरू व्हावे. गिटारवाल्या मुलांनाही त्यात जागा असावी, आवाज बेताचा ठेवण्याच्या अटीवर.

मंडळाच्या बैठकीआधीच्या शनिवारी, मधल्या सुट्टीनंतर, संगीताच्या खोलीत ‘एअर’ ऐकवली जाईल. विश्वस्तांनी आणि पालकांनी जरूर यावे. संमेलनात थांबवलेला तुकडा तो विद्यार्थी त्यानंतर पूर्ण वाजवणार आहे. आम्ही त्याची माफी मागितली आहे आणि या वेळी वायर आम्हीच लावून देणार आहोत.