पन्हाळ्याची सहल

कोल्हापूरहून वीस किलोमीटरवर असलेल्या पन्हाळ्यास शाळांच्या सहली जातात, त्या बहुधा तबक उद्यानात विसावतात. गडावर बाग असू नये असे कोणी म्हणणार नाही. पण १६६० साली सिद्दी जौहरने चार महिने वेढा घालूनही गड हाती लागला नव्हता, तो काही केवळ तटबंदीमुळे नव्हे. अंबरखान्यातील गंगा, यमुना, सरस्वती ही प्रचंड धान्यकोठारे आणि अंधारबावीचे गुप्त पाणी पाहिले म्हणजे वेढा सोसणे म्हणजे काय, हे कळते. पराक्रमाच्या गोष्टीत या दाण्यापाण्याचा हिशेब सहसा येत नाही! २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेला. आता तरी गुरुजनांनी डबे उघडण्यापूर्वी मुलांना ती कोठारे दाखवावीत.