पळा, पण बैठकाही मारा!

सबमिशन, केटी आणि कॅम्पस यांच्या खालोखाल आपल्या कॉलेजात सगळ्यात जास्त चर्चा कशाची होत असेल, तर ती वजनाची! फर्स्ट इयरला वाढलेलं पोट थर्ड इयरच्या गॅदरिंगआधी कमी करायचं असतं. मग लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "पळ, घाम गाळ, चरबी आपोआप वितळेल." दुसरी म्हणते, "पळून काय होतंय? वजनं उचल." माझं घर शिरूरला आणि आजोळ दौंडला. दोन्ही गावांत हाच वाद ऐकत मी मोठी झाले. माझं मत विचाराल तर नवशिक्याने या भांडणात पडूच नये. बारीक व्हायचं तर दोन्ही पाहिजे, आणि आपल्यासारख्यांना वजनाचा व्यायाम जरा जास्तच गरजेचा आहे. का, ते सांगते.

आधी पळण्याचा हिशोब. एक किलोमीटर पळायला शरीराच्या दर किलोमागे ढोबळमानाने १ किलोकॅलरी लागते. म्हणजे ८० किलोचा मुलगा १६०० मीटर पळाला तर साधारण १३० किलोकॅलरी खर्च झाल्या. घरी येताना त्याने एक वडापाव खाल्ला की हिशोब संपला, उलट उधारी झाली! एक किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे तेवढी चरबी घालवायला हीच १६०० मीटरची फेरी साठ वेळा मारावी लागेल. त्यामुळे ताटाकडे न बघता नुसतं पळून बारीक होऊ, ही आशा सोडलेली बरी.

मग मंडळी उलटं टोक गाठतात. एक वेळचं जेवण बंद, वर सकाळ-संध्याकाळ पळणं. काटा भराभर खाली येतो, घरचे कौतुक करतात. पण कमी झालेलं सगळं वजन चरबीचंच असतं असं नाही. अशा वेळी चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि काट्याला त्यातला फरक कळत नाही.

म्हणजे डंबेलवाली पार्टी जिंकली का? तसंही नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या माणसांचे तीन गट करून त्यांच्याकडून ८ महिने व्यायाम करून घेतला. ११९ जणांनी तो पूर्ण केला. फक्त वजनं उचलणाऱ्यांचे स्नायू वाढले, पण चरबी फारशी हलली नाही. फक्त कार्डिओ करणाऱ्यांची चरबी उतरली, पण स्नायू वाढले नाहीत. ज्यांनी दोन्ही केलं त्यांना दोन्ही फायदे मिळाले. अर्थात त्यांचा वेळही जवळजवळ दुप्पट गेला, फुकट काहीच नाही! वेळ कमी असेल तर चरबीसाठी कार्डिओ आधी, हे त्यातून निघतं आणि मला ते मान्य आहे.

पण आता आपल्या मातीतली गोष्ट ऐका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! बाहेरून दोघेही सडपातळच. त्याआधी २००३ साली याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या ६ खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं प्रसिद्ध केली होती. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान, स्नायूंच्या बाबतीत तर फारच मागे. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे स्नायूंची उणीव आपल्यात जन्मापासूनच असू शकते.

स्नायू म्हणजे नुसता दंडातला बेडूक नव्हे. जेवल्यानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात तेच उचलतात. स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त असली की डायबेटिसला आमंत्रणच. दौंडहून पुण्याला रोज अप-डाऊन करणारे काका बघा, किंवा रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट करणारे दादा बघा. हातपाय काडीसारखे आणि शर्टाची बटणं पोटावर ताणलेली. अशा माणसाला "फक्त वजन कमी करा" सांगणं म्हणजे आजाराचं अर्धंच औषध देणं. त्याला चरबी घालवायची आहे, आणि शिवाय स्नायू कमवायचे आहेत.

आता मुलींचं. आमच्याकडच्या एका जिममध्ये मुलींना सरळ ट्रेडमिलकडे पाठवतात. का, तर वजनं उचलली की म्हणे मुली पुरुषी दिसतात! ऊसतोडणीच्या हंगामात आमच्याकडच्या फडांवर चक्कर मारा. डोक्यावर मोळी घेऊन बाया फळीवरून ट्रकवर चढतात. पोटासाठी वजन उचललं तर चालतं, तब्येतीसाठी उचललं तर मात्र बाईपण जातं? हा कुठला न्याय? त्यांची ती मेहनत आहे, अर्धपोटी केलेली, तिला मी व्यायाम म्हणणार नाही. पण पुढे म्हातारपणी हाडं ठिसूळ होण्याचा धोका बायकांनाच जास्त, आणि हाडांनाही भार लागतो. म्हणून आपल्या आयांनीही नुसतं चालण्यावर थांबू नये.

दोन्हीचा मेळ आपल्याकडे नवीन आहे असंही नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, त्यामुळे भरतीची तयारी करणारी मुलं-मुली आमच्यासाठी रोजचीच. २०२२-२३ च्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांना १६०० मीटरला आणि मुलींना ८०० मीटरला होते, १५ गुण १०० मीटरला आणि १५ गुण गोळाफेकीला. नुसता पळणारा गोळ्यात मार खातो आणि नुसता दंडवाला पळण्यात. तालमीतले पैलवानसुद्धा पळतात आणि जोर-बैठकाही मारतात. मग आपणच एक पाय तोडून का धावायचं?

नवशिक्यासाठी माझा टाइमटेबल सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम हवा. म्हणजे आठवड्यातून ५ दिवस अर्धा तास झपझप चालणं, इतकं की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याआधी वीस मिनिटं ताकदीची. खुर्चीवरून उठणं-बसणं, मग बैठका. आधी भिंतीला टेकून जोर, मग टेबलाला, मग जमिनीवर. प्रत्येकाचे ८ ते १२ चे दोन सेट. जिमची फी परवडत नसेल तर बादली आहेच: १० लिटर पाणी म्हणजे १० किलो, एवढं फिजिक्स आपल्याला येतं! जमायला लागलं की हळूहळू भार वाढवा. बीपी, छातीत दुखणं किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ताटातला भात थोडा कमी करा, पण उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे काढू नका. त्यातल्या प्रोटीनशिवाय स्नायू कशाने बांधणार? सिमेंट न आणता स्लॅब पडत नाही, सिव्हिलवाल्यांना विचारा.

आणि एक विनंती. रोज सकाळी काट्यावर उभं राहून दिवस खराब करू नका. महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं मानतात. काटा जागचा हलला नाही पण टेप आणि बादली दोन्ही हलकी वाटायला लागली, तर समजा, गाडी रुळावर आहे.

बघा, पटतंय का!